टाईल क्लीनरच्या फॉर्म्युल्यावर पेटंट मिळतं का? घटक सगळे बाजारातलेच आहेत

हिंगणा_रोड

नमस्कार मंडळी. हिंगण्याला एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे, फिनाईल, हँडवॉश, भांड्याचं लिक्विड असं बनवतो, बराचसा माल इतवारीतल्या होलसेलवाल्यांकडे जातो आणि थोडा यवतमाळ-चंद्रपूरकडे. बरेच दिवसांपासून एका बाथरूम टाईल क्लीनरवर काम करून राहिलो. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांना सांगायला नको, नळाखाली आणि टाईल्सवर तो पांढरा-पिवळट थर बसतो, त्यात साबणाचा चिकटा मिसळला की साध्या लिक्विडनं तो हलत नाही, मग लोक ॲसिडची बाटली आणतात, थर जातो पण जोडातलं सिमेंट पण जातं, नळाची चमक जाते आणि खाली कोटा किंवा मार्बल असला तर विचारूच नका.

माझ्यावाल्यात ॲसिड नाही. दोन सर्फॅक्टंट (साबणासारखं मळ-तेल सोडवणारं केमिकल), एक किलेटिंग एजंट (कॅल्शियमसारखे क्षार पकडणारं), थोडंसं सॉल्व्हंट (विरघळवणारं), बाकी पाणी. चारही गोष्टी कोणत्याही केमिकलवाल्याकडे मिळतात, त्यात काही गुपित नाही. गंमत अशी की दोन सर्फॅक्टंटचा एक ठराविक रेशो जमला तरच हे काम होतं, फवारा मारून थोडा वेळ ठेवलं की थर मऊ पडतो आणि फडक्यानं निघतो. रेशो मागंपुढं झाला की लिक्विड गढूळ होतं आणि मग ते साध्या लिक्विडसारखंच वागतं.

आता प्रश्न. आमचे सीए म्हणतात पेटंट करून टाका, सबसिडी वगैरे मिळते. एक मित्र म्हणतो भारतात मिक्श्चरवर पेटंट देतच नाहीत, कायद्यातच लिहिलंय. खरं काय? खर्च किती येतो? आणि दिवाळीच्या साफसफाईच्या सीझनला माल बाजारात उतरवायचा विचार आहे तर आधी विकायला सुरुवात करून नंतर पेटंट टाकलं तर चालते का? कोणी जाणकार असेल तर पूर्ण फॉर्म्युला टक्क्यांसकट इथंच टाकतो, म्हणजे नीट सांगता येईल.

जुना_केमिस्ट

भाऊ, सगळ्यात आधी शेवटच्या वाक्यावर. फॉर्म्युला इथं टाकू नका, टक्केच काय, घटकांची नावं पण नका टाकू. इथं टाकलेलं जगात कोणीही वाचू शकतं, म्हणजे ते प्रकाशित झालं, आणि प्रकाशित झालेल्या गोष्टीवर नंतर तुम्ही स्वतः अर्ज केला तरी पेटंट ऑफिसचा परीक्षक तुमचीच पोस्ट तुमच्यासमोर ठेवू शकतो. आत्तापर्यंत जे लिहिलंय ते बरंच मोघम आहे, तिथंच थांबा.

आता केमिस्ट्री. मी आयुष्यभर डिटर्जंटच्या फॅक्टरीत काढलंय, तेव्हा थोडं कडू बोललो तर राग मानू नका. दोन सर्फॅक्टंट मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात यात नवीन काही नाही. अ‍ॅसिड स्लरी (डिटर्जंटचा कच्चा माल) कॉस्टिकनं न्यूट्रल केली, म्हणजे तो झाला ऋण भाराचा अ‍ॅनआयॉनिक सर्फॅक्टंट, आणि त्यात नॉनआयॉनिक, म्हणजे भार नसलेला सर्फॅक्टंट टाकला की दोघांचे मिळून मायसेल (रेणूंचे छोटे गोळे) बनतात, सीएमसी, म्हणजे मायसेल बनायला लागणारं कमीत कमी प्रमाण, खाली येतो, तेल जास्त उचललं जातं, स्लरीला कडक पाण्याचा जो त्रास होतो तो पण कमी होतो. ही पुस्तकातली गोष्ट आहे, नागपूरच्या एलआयटी कॉलेजच्या ऑइल टेक्नॉलॉजीच्या पोरांना परीक्षेत विचारतात. आणि किलेटिंग एजंट कॅल्शियम पकडतो म्हणून साबणाचा चिकटा सुटतो, कारण तो चिकटा म्हणजे बहुतेक कॅल्शियम स्टिअरेट, हे पण जुनंच.

तुमचं गढूळ होण्याचं कारण मला असं वाटून राहिलं की किलेटिंग एजंट हा शेवटी मीठच आहे, त्यानं नॉनआयॉनिकचा क्लाऊड पॉइंट (ज्या तापमानाला ते गढूळ होतं तो) खाली येतो, नागपूरच्या उन्हाळ्यात गोडाऊनमधे तर ते आणखी लवकर फुटतं, आणि दुसरा सर्फॅक्टंट पुरेसा असला की तो हायड्रोट्रोपसारखं (न मिसळणारं पाण्यात विरघळवून ठेवणारं) काम करून सगळं एकत्र धरून ठेवतो. असं असेल तर रेशोचं कारण समजण्यासारखं आहे. पण समजण्यासारखं असणं हेच पेटंटच्या बाजूनं वाईट आहे, कारण मग परीक्षक म्हणेल हे कोणत्याही फॉर्म्युलेटरला सुचलं असतं. कायद्याचं मला तितकं कळत नाही, इथं कोणी असेल तर सांगेल.

सिव्हिल_लाईन्स_ताई

पेटंट एजंट आहे, नागपूरलाच काम करते. थोडं मोठं लिहिते कारण या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं नसतं.

मित्र म्हणतात ते अर्धं खरं आहे. पेटंट कायदा १९७० मधे कलम ३ आहे, त्यात कोणत्या गोष्टींना शोध समजायचं नाही त्याची यादी आहे. त्यातलं ३(ई) तुमच्याशी संबंधित. ते असं म्हणतं की नुसतं मिसळून मिळवलेला पदार्थ, ज्यात घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होते, तो शोध नाही, आणि तो बनवायची पद्धत पण नाही. म्हणजे अ चरबी काढतो, ब क्षार काढतो, दोन्ही एका बाटलीत भरले आणि बाटली चरबी आणि क्षार दोन्ही काढते, हे झालं ३(ई). पण दोघं मिळून असं काही होत असेल जे बेरजेपेक्षा जास्त आहे, तर ते ३(ई) मधे अडकत नाही. पेटंट ऑफिसच्या स्वतःच्या मॅन्युअलमधे सिनर्जी, म्हणजे हा बेरजेपेक्षा जास्तीचा परिणाम, असलेल्या मिश्रणाचं उदाहरण म्हणून साबण, डिटर्जंट, लुब्रिकंट यांचीच नावं आहेत, त्यामुळे मिक्श्चरवर पेटंट देतच नाहीत हे चूक. पण त्याच मॅन्युअलमधे असंही आहे की ही सिनर्जी अर्ज करतानाच, स्पेसिफिकेशनमधेच (शोधाचं वर्णन असलेला अर्जाचा भाग), तुलना करून दाखवलेली पाहिजे. इथं नव्वद टक्के लोक आपटतात (ही आकडेवारी नाही हो, माझा वैताग आहे). अर्जात लिहितात की आमचं कॉम्पोझिशन आश्चर्यकारकरीत्या उत्तम साफ करतं, आणि उदाहरण म्हणून एकच फॉर्म्युला आणि खाली "परिणाम: उत्कृष्ट". परीक्षकानं त्याचं काय करायचं?

आता दुसरी पायरी, आणि जुना_केमिस्ट यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलंय. ३(ई) पार केलं म्हणजे काम झालं असं नाही. कलम २(१)(जेए) मधे इन्व्हेंटिव्ह स्टेप आहे, म्हणजे त्या विषयातल्या जाणकार माणसाला ते सहज सुचण्यासारखं नसलं पाहिजे. सिनर्जी असेल पण ती आधीच माहीत असलेली सिनर्जी असेल तर इथं मार खातो. सुप्रीम कोर्टाचा यावरचा जुना निकाल १९७८ चा आहे, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, भांडी लेथवर धरायच्या साधनाच्या पेटंटचं प्रकरण होतं ते. कोर्टानं म्हटलं की जुन्याच गोष्टी एकत्र करून नवीन, जास्त चांगली किंवा स्वस्त वस्तू मिळत असेल तर पेटंट होऊ शकतं, पण ती वर्कशॉपमधल्या कारागिराच्या रोजच्या सुधारणेपेक्षा जास्त काहीतरी पाहिजे. ते पेटंट टिकलं नाही, आणि आजही परीक्षक आणि वकील तोच निकाल काढून दाखवतात.

आणि दिवाळीला विकून मग पेटंट, हे अजिबात करू नका. भारतात स्वतःच्या विक्रीसाठी सवलतीचा काळ नाही. अमेरिकेत शोध लावणाऱ्यानं स्वतः उघड केलेल्या गोष्टीला एक वर्षाची सूट मिळते, ते ऐकून लोक इथं पण तसंच समजतात. आपल्याकडे जी सूट आहे ती सरकारनं जाहीर केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या गोष्टींना आहे. आधी अर्ज, मग बाटली.

एक विचारते, आत्तापर्यंत हे कोणाला दिलंय का?

इतवारीचा_भाऊ

ताईचं सगळं बरोबर असंल पण मी धंद्याचं बोलतो राजेहो. हे पेटंट-बिटंट मोठ्या कंपनीचं काम आहे. समज तुले पेटंट भेटलं. १८ महिन्यांनी तुयी सगळी रेसिपी सरकारच्या साईटवर फुकटात वाचायले भेटते. मग कामठी रोडचा कोणी ते बनवून कॅनमधे भरून अर्ध्या भावात इकतो, तू त्याले पकडशील कसा? लॅबमधे टेस्ट करशील, वकील लावशील, केस टाकशील, तो कोर्टात म्हणंल की तुयं पेटंटच खोटं आहे, मग ते प्रकरण हायकोर्टात, अन् तू हिंगण्याहून तारखा करत बसशील. त्यापेक्षा रेशो डोक्यात ठेव, कामगाराले सांगू नको, दोन सर्फॅक्टंट आधीच वेगळ्या ड्रममधे मिसळून त्याले "प्रीमिक्स एक" नाव दे अन् घटकांची बिलं वेगवेगळ्या दुकानातून कर. आमच्या इतवारीत अर्धे लोक असेच जगून राहिले.

नावाचं मात्र ट्रेडमार्क कर. क्लास ३ मधे, साफसफाईच्या वस्तू तिथंच येतात, लहान धंदेवाल्याले ऑनलाईन ४५०० रुपये फी आहे. कॉपी करणारा फॉर्म्युला चोरत नाही भाऊ, तो लेबल चोरतो. एक अक्षर बदलून तसाच निळा रंग, तशीच बाटली. माझ्यासोबत झालं आहे म्हणून सांगून राहिलो.

हिंगणा_रोड

सगळ्यांचे आभार. फॉर्म्युला टाकत नाही. ताई, विक्री केलेली नाही. मेव्हण्याचं केटरिंगचं काम आहे, त्याच्या किचनच्या टाईल्सवर आणि एक्झॉस्टच्या खालच्या भिंतीवर वापरून पाहायला एक कॅन दिला होता, बिल नाही, लेबल नाही, नुसता पांढरा कॅन. त्याच्या माणसांनी वापरला आणि आणखी मागून राहिले. तेव्हाच मला कळलं की हे क्षारावरच नाही, तर तेलाच्या जुन्या पिवळ्या थरावर पण चालते, पण ते का चालते हे मला पण कळलं नाही. केमिस्ट काका म्हणतात तसं कडक पाण्यातला साबणाचा चिकटा किलेटिंग एजंटनं सुटतो हे मान्य, पण एक्झॉस्टखालचं जळकं तेल कसं निघालं? तिथं कॅल्शियमचा काय संबंध? किलेटिंग एजंट काढून करून पाहिलं तर तेलावर पण काम होत नाही, हे विशेष.

डेटा म्हणाल तर मोबाईलमधे आधीचे-नंतरचे फोटो आहेत.

जुना_केमिस्ट

हे जे शेवटी लिहिलंत ना, ते तुमच्या पहिल्या पोस्टपेक्षा लाख पटीनं महत्त्वाचं आहे. किलेटिंग एजंट काढला की तेलावरचं काम थांबतं हे खरंच असेल, आणि ते नुसतं पीएच बदलल्यामुळं नसेल, तर तिथं बघण्यासारखं आहे. बरेच किलेटिंग एजंट सोडियम मिठाच्या रूपात अल्कलीच असतात आणि अल्कली जळक्या तेलावर चालतेच, म्हणून आधी हे तपासा: किलेटिंग एजंटच्या जागी सोडा टाकून तोच पीएच आणा आणि बघा. सोड्यानं पण तेच झालं तर विषय संपला. नाही झालं तर अंग झटकून कामाला लागा.

फोटोनं काही होत नाही. कसं करायचं ते सांगतो, फार खर्चिक नाही. एकाच पेटीतल्या, एकाच बॅचच्या पांढऱ्या ग्लेझ्ड टाईल्स घ्या. एका गटावर कॅल्शियम स्टिअरेट, थोडं तेल, चिमूटभर काजळी अल्कोहोलमधे कालवून सारख्या वजनाचा थर द्या आणि ओव्हनमधे भाजा. दुसऱ्या गटावर वापरलेलं सोयाबीन तेल, तसंच भाजून. सिरॅमिक टाईल क्लीनर तपासायला एएसटीएम डी ५३४३ म्हणून मार्गदर्शक आहे, त्याच्या जवळपास राहा म्हणजे परीक्षकाला प्रश्न पडणार नाही. हातानं घासू नका, हाताचा जोर प्रत्येक वेळी वेगळा पडतो, गार्डनर टेस्टर पाहिजे, ज्यात स्पंज ठराविक वजनाखाली सरळ रेषेत पुढंमागं जातो. प्रत्येक टाईलला सारखेच स्ट्रोक. आधी आणि नंतर रिफ्लेक्टन्स (टाईलवरून किती उजेड परततो ते) मोजा, म्हणजे किती टक्के मळ गेला ते आकड्यात येतं. पाणी पण ठरवून घ्या, समजा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं ३०० पीपीएम, बोअरचं जसं आलं तसं वापरू नका, ते पावसाळ्यात वेगळं आणि मे महिन्यात वेगळं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकूण सर्फॅक्टंट सारखं ठेवा. लोक काय करतात, अ ४ टक्के एकदा, ब ४ टक्के एकदा, आणि मग अ ४ अधिक ब ४ टाकून म्हणतात बघा किती चांगलं झालं. अरे डबल माल टाकला तर होणारच! अ एकटा ४ टक्के, ब एकटा ४ टक्के, मग ३:१, २:२, १:३, प्रत्येक वेळी बेरीज ४. समजा अ एकटा ३० टक्के मळ काढतो आणि ब एकटा ४० टक्के, तर २:२ ला ३५ च्या आसपास यायला पाहिजे. तिथं ७५ आले तर ती सिनर्जी. आणि ३:१ ला परत ४० वर घसरलं तर तुमचा रेशो पण सिद्ध झाला. हेच सगळं किलेटिंग एजंट असताना, नसताना, आणि त्याच्या जागी सोडा असताना. प्रत्येक पॉइंट निदान तीन टाईल्सवर.

तुमच्याकडे गार्डनर नसणार, पेंटवाल्यांच्या लॅबमधे असतो, कॉलेजमधे विचारा.

सिव्हिल_लाईन्स_ताई

जुना_केमिस्ट, हे तुम्ही लिहिलेलं मी माझ्या पुढच्या सगळ्या क्लायंटना पाठवणार आहे, पैसे न देता.

हिंगणा_रोड, आता तुमच्या केसबद्दल माझं मत. "सर्फॅक्टंटचं मिश्रण असलेलं टाईल क्लीनर" असा दावा (पेटंटमधे ज्यावर हक्क मागायचा ते) केलात तर तो परीक्षकाच्या पहिल्या अहवालातच संपेल. या विषयात प्रॉक्टर अँड गॅम्बल, युनिलिव्हर, रेकिट, कोलगेट-पामोलिव्ह, हेंकेल, इकोलॅब यांनी कित्येक दशकांपासून ढिगानं अर्ज केलेत, आणि त्यांच्या दाव्यांच्या रेंज इतक्या रुंद असतात की सर्फॅक्टंट ०.१ ते ३० टक्के, सॉल्व्हंट ० ते २० टक्के, त्यात तुम्ही कुठं ना कुठं बसताच. म्हणून आधी सर्च करा. गुगल पेटंट्स, एस्पासनेट, आणि आपल्या पेटंट ऑफिसचं इनपास, पेटंट शोधायच्या या तिन्ही साईट फुकट. नुसतं "टाईल क्लीनर" टाकून शोधू नका, क्लासिफिकेशननं शोधा. डिटर्जंटचं सगळं सी११डी मधे असतं, त्यात सी११डी १/८३ म्हणजे नॉनआयॉनिक आणि अ‍ॅनआयॉनिकची मिश्रणं, सी११डी १/९४ मधे अ‍ॅम्फोटेरिक (दोन्ही भार असलेले सर्फॅक्टंट) असलेली, सॉल्व्हंट आणि किलेटिंगचे ३/ मधे. तुमचे दोन सर्फॅक्टंट कोणत्या जातीचे आहेत त्यावरून बघा. एक रविवार जाईल, पण त्या रविवारी कळेल की पुढं खर्च करायचा की नाही.

काही सापडलं आणि ते तुमच्या जवळचं असलं तरी लगेच निराश होऊ नका. रुंद रेंजच्या आत एक अरुंद रेंज निवडून, तिथंच काहीतरी अनपेक्षित घडतं हे दाखवता आलं तर जागा उरते. तुमच्याकडे तशी दोन गोष्टींची शक्यता मला दिसते, एक तो रेशो आणि दुसरी किलेटिंग एजंटनं तेलावर पडणारा फरक. दुसरी जास्त मजबूत, कारण रेशो बदलून बघणं हे कोणी पण करतो आणि परीक्षक त्याला रुटीन ऑप्टिमायझेशन म्हणतो, पण क्षारासाठी टाकलेली गोष्ट तेलावर काम करेल असं कोणी अपेक्षा करत नाही. अर्थात सोड्याची टेस्ट आधी.

दाव्यात वस्तूचा दावा कॉम्पोझिशन म्हणून घ्या आणि टाईल साफ करायच्या पद्धतीचा एक वेगळा घ्या. "अमुक मिश्रणाचा वापर" असा यूज क्लेम इथं चालत नाही, एक तर प्रॉडक्ट, नाही तर प्रोसेस. आणि "असलेलं" की "फक्त एवढंच असलेलं" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. "फक्त" लिहिलंत तर समोरचा त्यात थोडा सुगंध टाकून बाहेर पडेल.

खर्च. तुम्ही स्वतःच्या नावानं अर्ज केला किंवा उद्यम सर्टिफिकेट लावून लहान उद्योग म्हणून फॉर्म २८ जोडला तर ऑनलाईन अर्जाची फी १६०० रुपये, ३० पानं आणि १० दाव्यांपर्यंत. परीक्षणाची विनंती फॉर्म १८, ४००० रुपये, ती अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत टाकायची, टाकली नाही तर अर्ज मेला. लवकर पाहिजे असेल तर लहान उद्योगांना फॉर्म १८ए नं तातडीचं परीक्षण मागता येतं, ८००० रुपये. एजंटची फी वेगळी, ती इथं लिहिणार नाही, माझ्यावर जाहिरातीचा आरोप होईल. पहिला अहवाल आला की उत्तराला सहा महिने, वाढवून आणखी तीन. ऑफिस आपल्याला मुंबईचं लागतं पण सगळं ऑनलाईन असल्यामुळं जायची गरज पडत नाही, सुनावणी पण व्हिडिओवर होते. आपल्या इथं सिव्हिल लाईन्समधे हिस्लॉप कॉलेजच्या रोडवर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, पेटंट ऑफिसच्याच खात्याची, तिथं अर्ज घेत नाहीत, प्रशिक्षण देतात, जाऊन एखादा कोर्स केलात तर एजंट तुम्हाला गंडवू शकणार नाही.

दिवाळीचं जमवायचं असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका. तारीख मिळते, मग बाजारात उतरा, आणि १२ महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन द्यायचं. पण त्यात एक गोम आहे. प्रोव्हिजनलमधे जे लिहिलंय त्यालाच ती तारीख मिळते. दिवाळीला विकायला लागलात आणि डेटा नंतर नवीन रेशोसाठी आला तर त्या नवीन रेशोला जुनी तारीख नाही. म्हणून प्रोव्हिजनलमधे पण सगळ्या रेंज, सगळे पर्याय, निदान पहिला टेबल टाकाच, दोन पानांत उरकू नका.

इतवारीचा_भाऊ, तुमचं गुपित ठेवायचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, बऱ्याच क्लायंटना मीच ते सांगते. पण दोन अडचणी. एक म्हणजे मोठी कंपनी बाटली विकत घेऊन लॅबमधे उघडते, सर्फॅक्टंटची जात आणि अंदाजे प्रमाण कळतंच. दुसरं, तुम्ही गुपित ठेवलं आणि दुसऱ्या कोणी स्वतः शोधून पेटंट टाकलं तर त्याला अडवायला तुमच्याकडे कागद काय?

इतवारीचा_भाऊ

कागद म्हणशील तर माझ्याजवळ बिलं आहेत ताई, आमचे बिल पाहून कोणाले काही समजत नाही हेच तर सांगून राहिलो 😀 पण मोठी कंपनी आमच्या बाटल्या उघडत नाही, कामठी रोडवाला उघडतो अन् तो लॅबमधे नाही पाठवत, तो जिभेवर टेकवून पाहतो. आम्हाले मोठ्या कंपनीची भीती कायले?

रिठा_प्रेमी

मधेच विचारतो, विषय जवळचाच आहे. आम्ही घरी रिठा आणि लिंबाच्या सालीचं बायो-एन्झाईम बनवतो फरशीसाठी, ते केमिकल नाही, नैसर्गिक आहे, मग त्याला तर लवकर पेटंट मिळत असेल?

सिव्हिल_लाईन्स_ताई

उलट, कठीण. कलम ३(पी) आहे, पारंपरिक ज्ञान किंवा पारंपरिक घटकांच्या माहीत असलेल्या गुणांची बेरीज म्हणजे शोध नाही. रिठ्यानं साफ होतं हे आपल्या आजीला माहीत होतं. शिवाय वनस्पती वापरली की ती कुठून आणली ते स्पेसिफिकेशनमधे लिहावं लागतं आणि जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडचं काम पण येतं. रिठ्यातल्या सॅपोनिनचं (फेस करणारा घटक) आणि दुसऱ्या एखाद्या गोष्टीचं असं काही निघालं जे कोणालाच माहीत नव्हतं, तर डेटा घेऊन या. लिंबाच्या सालीबरोबर निघेल असं मला वाटत नाही.

जुना_केमिस्ट

आणि रिठ्याचं पाणी चार दिवसांत आंबतं, ते आधी बघा.

हिंगणा_रोड

सोड्याची टेस्ट काल रात्रीच केली, राहवलं नाही. पीएच मीटर साधा आहे पण चालते. सोडा टाकून तोच पीएच आणला, तर तेलावर थोडं काम होते पण कॅनमधल्यासारखं नाही, आणि सोडावाल्यात टाईलवर वाळल्यावर पांढरे डाग पण राहतात. हातानंच घासलं त्यामुळं याला काही अर्थ नाही हे समजलं, पण हुरूप आला. एका कॉलेजच्या लॅबमधे ओळख निघाली आहे, तिथं गार्डनर आहे म्हणे, फी भरून करून देतात.

सर्च पण सुरू केला. १/८३ मधे इतकं निघून राहिलं की डोळे गेले. पण माझ्या सॉल्व्हंटशिवाय आणि वेगळ्या किलेटिंग एजंटवालेच जास्त दिसले आतापर्यंत.

ताई, दोन गोष्टी राहिल्या. लॅबला सॅम्पल देताना काय काळजी घ्यायची? आणि मेव्हण्याच्या कॅनचं काय करायचं? त्याच्याकडून गुप्ततेचा करार मागच्या तारखेचा लिहून घेतला तर चालते का, तो घरचाच आहे, सही करून देईल.

सिव्हिल_लाईन्स_ताई

मागच्या तारखेचा अजिबात नाही. पेटंट मिळाल्यावर कोणी विरोध केला तर हाच कागद तुमच्या गळ्याशी येईल, आणि विरोध करायला मंजुरीच्या प्रकाशनानंतर एक वर्ष असतं. आजची तारीख टाका आणि जे झालं ते जसंच्या तसं लिहा: अमुक महिन्यात चाचणीसाठी एक कॅन दिला होता, पैसे घेतले नाहीत, त्यात काय आहे ते सांगितलं नव्हतं, बाहेर द्यायचा नाही असं तोंडी ठरलं होतं. तोंडी ठरलं नव्हतं तर ते लिहू नका. मेव्हणे आणि किचनमधले जे दोघं-तिघं वापरत होते त्यांच्या सह्या घ्या. उरलेला कॅन परत आणा, आणि आणखी मागून राहिले तरी अर्ज होईपर्यंत देऊ नका, तिथून एखादा कामगार दुसऱ्या केटररकडे घेऊन गेला की तुमच्या हातात काही राहत नाही.

लॅबशी करार आधी, सॅम्पल नंतर. बाटल्यांवर नुसते आकडे टाका, ए१, ए२ असे, आणि कोणता आकडा म्हणजे काय ते फक्त तुमच्या वहीत. रिपोर्टवर टेस्टची पद्धत, स्ट्रोक, वजन, पाण्याचा कडकपणा सगळं छापून घ्या. आणि करारात एक ओळ नक्की टाका की निकालावर लॅबचा किंवा कॉलेजचा हक्क नाही आणि कोणी विद्यार्थी त्यावर पेपर किंवा प्रोजेक्ट करणार नाही. प्रोजेक्ट रिपोर्ट लायब्ररीत गेला की तो पण प्रकाशितच.